हजार गुंठ्यांना एक घर

वॉशिंग्टन मेट्रोची लाल मार्गिका वायव्येला शेडी ग्रोव्ह स्थानकात संपते. तिथून गाडी काढली की काही वेळ जे दिसतं ते अमेरिकेत कुठंही दिसावं असंच असतं. रुंद महामार्ग, काचेच्या इमारती, गाड्यांनी भरलेले मॉल, एकमेकांना खेटून उभ्या तिमजली घरांच्या ओळी. मग जर्मनटाउन लागतं. आयटीतली बरीच मराठी कुटुंबं याच पट्ट्यात राहतात. आणि मग दोन-चार वळणं घेतली की शहर एकदम संपतं. रस्त्याच्या एका अंगाला घरांची शेवटची ओळ, दुसऱ्या अंगाला मका. पुढं नुसता मका, सोयाबीन, गवताचे गोल भारे, लाल रंगाची जुनी कोठारं आणि एका वेळी एकच गाडी जाईल असा पूल.

आपल्याला शहर असं संपलेलं बघायची सवय नाही. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघालं, तर शहर कुठं संपलं ते शपथेवर सांगता येत नाही. उसाचा फड, त्याला लागून एनए प्लॉटिंगची कमान, मग मंगल कार्यालय, मग पुन्हा ज्वारी, तिच्यात एकटीच उभी पाच मजली इमारत. म्हणून ती मक्याची कड बघून पहिला प्रश्न पडतो तो व्यवहाराचा. अमेरिकेच्या राजधानीपासून जेमतेम तासाभरावरची ही जमीन. तिला बिल्डर सोन्याचा भाव देईल. मग मालक विकत का नाही?

या भागाचं नाव माँटगोमेरी काउंटी, राज्य मेरिलँड. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण एक मोठा फरक आहे. कुठं शेत राहील, कुठं दुकान होईल, एकरी किती घरं बसतील, हे इथं काउंटीची निवडून आलेली परिषद ठरवते. देशभरासाठी जमीनवापराचा एकच कायदा अमेरिकेत नाही. या काउंटीत २०२० च्या जनगणनेत दहा लाखांहून जास्त माणसं होती. तरीही तिच्या जमिनीचा जवळपास तिसरा हिस्सा, म्हणजे ९३ हजार एकर, शेतीसाठी राखून ठेवलेला आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची मुंबई त्यात पाच वेळा बसवली तरी कडेला जागा उरेल. आणि ही जमीन सरकारनं विकत घेतलेली नाही. बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे. शेतकऱ्यांची आहे.

हे कसं जमवलं, ते समजून घ्यायला आधी हाताचा पंजा टेबलावर पसरून ठेवा. तळवा म्हणजे वॉशिंग्टन. बोटं म्हणजे शहरातून बाहेर जाणारे रस्ते आणि रेल्वे. १९६४ च्या आराखड्यात नियोजनकारांनी ठरवलं की वस्ती बोटांवर वाढू द्यायची आणि बोटांच्या बेचक्यांत शेतं, रानं, ओढे ठेवायचे. कागदावर चित्र फार देखणं होतं. पण बेचक्यातली जमीन स्वस्त, आणि बिल्डरला स्वस्त जमिनीचा वास लांबून येतो. दहा वर्षांत बेचके भरायला लागले.

मग १९७० च्या दशकात नियम झाला: बेचक्यात पाच एकरांना एकच घर. आपल्या कानांना हे भलतंच कडक वाटतं. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार सरासरी धारण क्षेत्रच साडेतीन एकरांच्या आत आहे. पण तिथं या नियमानं उलटंच केलं. पाच एकरांचे तुकडे पाडून त्यावर श्रीमंतांचे बंगले उभे राहिले. मका-सोयाबीन यंत्रांनी पिकवणाऱ्याला पाच एकर परवडत नाहीत, आणि बंगलेवाल्याला पाच एकरांवरचं गवत कापता कापता रविवार पुरत नाही. नियोजनकारांत यावर एक विनोदच आहे: नांगरायला फार लहान, गवत कापायला फार मोठी. शेत वाचवायला केलेल्या नियमानं शेत अधिक वेगानं खाल्लं.

तुकडे पडण्याआधीही एक गोष्ट घडते, ती डोळ्यांना दिसत नाही. शेजारच्यानं जमीन विकली की शेतकऱ्याला वाटतं, आज ना उद्या आपणही विकणार. मग तो कोठाराचं छप्पर दुरुस्त करत नाही. जमिनीत चुना घालत नाही. नवा ट्रॅक्टर घेत नाही. अवजारांचं दुकान बंद पडतं, जनावरांचा डॉक्टर गाव सोडतो. बंगल्यात राहायला आलेले शेणखताच्या वासाची तक्रार करतात. वीट रचली जाण्याच्या कितीतरी आधी शेती मनातून संपलेली असते.

१९८० मध्ये काउंटीनं मोठं पाऊल उचललं. नियोजन मंडळाचे अध्यक्ष तेव्हा रॉइस हॅन्सन होते. बेचक्यातला नियम पाच एकरांवरून पंचवीस एकरांवर नेला. पंचवीस एकरांना एक घर. आपल्या हिशेबानं, हजार गुंठ्यांना एक.

आता शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. काल त्याच्या शंभर एकरांवर वीस घरं होऊ शकत होती, आज चार. बँक कर्ज देताना जमिनीची किंमत बघते, आणि ती किंमत एका ठरावानं घसरली. म्हातारपणाची पुंजी, मुलांच्या शिक्षणाची तजवीज, सगळं त्या जमिनीत. शहरातल्या लोकांना हिरवं दिसावं म्हणून आपण का गरीब व्हायचं, हा त्याचा सवाल बिनतोड होता. वर अमेरिकेची राज्यघटना सांगते की सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घ्यायची तर मोबदला द्या. एवढ्या जमिनीचा मोबदला तिजोरीतून द्यायचा, तर काउंटी विकावी लागली असती.

उत्तर जिथून आलं ती जागा मला फार मजेशीर वाटते. ते न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनावरून आलं.

न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतलं आणि शहर हळहळलं. मग वारसा इमारतींसाठी कायदा झाला. ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या मालक रेल्वे कंपनीला डोक्यावर गगनचुंबी इमारत बांधायची होती. शहर नाही म्हणालं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७८ मध्ये शहर जिंकलं. निकालात एक मुद्दा असा होता की स्टेशनावर बांधता येत नसलं तरी बांधण्याचा हक्क कंपनीला जवळच्या दुसऱ्या भूखंडांवर नेता येतो, तेव्हा तो हक्क शून्य झाला असं म्हणता येत नाही. बांधकामाचा हक्क जमिनीपासून सोलून काढता येतो. फळाची साल काढावी तसा. आणि तो दुसरीकडं नेऊन लावता येतो.

हे ऐकून अमेरिकी माणूस चकित होत असेल, मराठी शेतकऱ्यानं होऊ नये. आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा रकानाच आहे. जमीन एकाची, कूळ दुसरं, विहिरीच्या पाण्यात तिसऱ्याची पाळी, बांधावरून वहिवाट चौथ्याची. कोकणात तर जमीन एकाची आणि आंब्याचं झाड दुसऱ्याचं, असंही असतं. जमीन ही एक वस्तू नसून हक्कांची मोळी आहे, हे आपल्याला तलाठ्यानं केव्हाच शिकवलंय. माँटगोमेरीनं त्या मोळीतली एक काटकी, घर बांधण्याच्या हक्काची, अलगद बाहेर काढली. तिचं नाव ट्रान्सफरेबल डेव्हलपमेंट राइट. म्हणजे आपल्या ओळखीचा टीडीआर.

होय, तोच. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत ज्या तीन अक्षरांवरून खुर्च्या सरकतात, तोच.

व्यवहार जवळून बघू. समजा शंभर एकरांचं शेत आहे आणि त्यावर एकही घर नाही. जुन्या नियमानुसार पाच एकरांना एक, म्हणजे त्या शेताला वीस हक्क मिळतात. नव्या नियमानुसार त्याच्यावर चारच घरं बांधता येतात. बांधायची असतील तर दर घरामागे एक हक्क शिल्लक हवा. म्हणून शेतकरी चार हक्क गाठीशी ठेवतो आणि सोळा विकायला काढतो. घेणारा बिल्डर असतो. त्याची जमीन बोटावर, रेल्वे आणि रस्त्याजवळ. तिथं नियमानं शंभर घरांची परवानगी असेल, तर हे सोळा हक्क लावून तो साधारण एकशेसोळा बांधतो. पैसे बिल्डरकडून थेट शेतकऱ्याला. सरकारच्या तिजोरीतून छदाम नाही. त्याच वेळी शेताच्या दस्तावर कायमची नोंद होते की हे हक्क या जमिनीतून गेले. पुढं शेत कुणीही विकत घेवो, गेलेली घरं परत येत नाहीत.

म्हणजे त्या मक्याकडं बघताना खरं तर सोळा घरं तिथून उठून गेलेली असतात आणि सात-आठ मैलांवर कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसलेली असतात. मला हे कळलं तेव्हा ते शेत निराळंच दिसायला लागलं. शेतकऱ्याच्या हातात पैसेही आले आणि पायाखाली जमीनही राहिली. या एका युक्तीनं काउंटीत ५० हजार एकरांहून जास्त जमिनीवर कायमचं बंधन आलं.

युक्तीचा अवघड भाग मात्र शेतात नव्हता. हक्क विकायला शेतकरी तयार, पण ते घ्यायचे कुणाच्या शेजारी? ज्या उपनगरांत जादा घरं बसवायची होती, तिथले रहिवासी भडकले. शाळा भरलेल्या, रस्ते तुंबलेले, त्यात आणखी घरं? शेत वाचवायला त्यांची हरकत नव्हती, फक्त ती घरं आपल्या गल्लीत नकोत. काही नागरिकांच्या संघटनेनं खटला भरला आणि १९८७ मध्ये मेरिलँडच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. कल्पना चुकीची नाही, पण कुठं किती जादा घरं हे नुसत्या आराखड्यात लिहून भागणार नाही, रीतसर झोनिंगच्या कायद्यात यायला हवं, असा त्याचा मथितार्थ. काउंटीनं चूक दुरुस्त केली आणि योजना चालू राहिली. पण त्या खटल्यानं एक गोष्ट उघडी पाडली. शेत वाचतं की नाही याचा फैसला शेताच्या बांधावर होत नाही. तो होतो दूरच्या उपनगरातल्या सभेत, जिथं आपल्या शेजारी चार मजले उठू द्यायचे का, यावर लोक हात वर करतात. बाकी ठिकाणच्या टीडीआर योजना का फसल्या याचं उत्तर बहुतेकदा इथंच सापडतं. देणारे पट्टे सगळेच आखतात. घेणारा पट्टा आखायला छाती लागते.

आणखी एक कुलूप आहे, आणि त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ते म्हणजे सांडपाणी. बेचक्यात मुद्दामच मैलावाहिनी नेलेली नाही. त्यामुळं घर बांधायचं तर सेप्टिक टाकी, आणि तिचं पाणी जमिनीनं जिरवून घ्यायला हवं. म्हणून परवानगीआधी परीक्षा होते. जमिनीत खड्डा घेतात, पाणी ओतून माती भिजवतात, पुन्हा पाणी ओततात आणि घड्याळ लावून मोजतात की इंचभर पाणी उतरायला किती मिनिटं लागली. फार हळू उतरलं तर नापास, कारण मैला वर येईल. भसाभस उतरलं तरी नापास, कारण तो थेट भूजलात जाईल. त्या भागातली कुटुंबं विहिरी-बोअरच्या पाण्यावर जगतात, तेव्हा ही काळजी वायफळ नाही. कोटभर डॉलरचा प्रकल्प एका ओल्या खड्ड्यापुढं अडतो हे दृश्य मला कुठल्याही कायद्याच्या कलमापेक्षा जास्त पटतं. शहर कुठं वाढणार हे नकाशावरच्या रंगापेक्षा जमिनीखालचा पाइप ठरवतो. आपल्याकडं ग्रीन झोन, येलो झोन यावर भांडणं होतात. जलवाहिनी कुठून टाकली, याकडं लक्ष थोड्यांचंच.

रस्त्यांचीही गंमत आहे. १९९३ मध्ये काउंटीनं काही अरुंद ग्रामीण रस्ते ‘रस्टिक’ म्हणून जाहीर केले. ते रुंद करायचे नाहीत, असा नियम केला. रस्ता रुंद होऊ नये म्हणून केलेला कायदा! आपल्याकडं हा प्रस्ताव मांडणाऱ्याला ग्रामसभेतून घरी पोचवतील.

आणि मुलं? शेतकऱ्याच्या घरात वाटणीचा प्रश्न सगळीकडे सारखाच. ज्यांच्याकडं १९८१ च्या आधीपासून जमीन होती त्यांना, काही अटींवर, आपल्या प्रत्येक मुलासाठी घरापुरता एक तुकडा काढून देता येतो. आपल्याकडं १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे आणि तरी सातबाऱ्यावर नावांची रांग वाढतच जाते. तिथं मुलाला घर मिळतं, शेत मात्र एकसंध राहतं. अर्थात या सवलतीचा फायदा उठवून घर लगेच विकून टाकायच्या वाटा लोकांनी शोधल्याच, आणि मग नियमांना आणखी बुचं मारावी लागली. माणूस तिथून इथून सारखाच.

पोटोमॅक नदीच्या पलीकडच्या तीरावर व्हर्जिनियातली लाउडन काउंटी आहे. नदी ओलांडली की तुलना आपोआप होते. १९७० मध्ये तिथं ३७ हजार माणसं होती, २०२० मध्ये चार लाख वीस हजार. डेटा सेंटरांची जगातली सर्वांत दाट गर्दी तिथंच आहे. पश्चिमेकडं अजून घोडे आणि द्राक्षमळे दिसतात, पण पूर्वेची शेतं छपरांखाली गेली. लाउडनला मी मूर्ख म्हणणार नाही. डेटा सेंटरांचा कर तिला भरभरून मिळतो आणि घरमालकांवरचा बोजा हलका होतो. घरांचं तसं नसतं. अमेरिकन फार्मलँड ट्रस्टनं अनेक काउंट्यांचे जमाखर्च तपासले, तेव्हा नमुना दिसला तो असा: घरांकडून आलेल्या एका डॉलर करामागे शाळा, रस्ते, पोलीस यांवर एका डॉलरहून जास्त खर्च होतो, शेतजमिनीच्या डॉलरमागे निम्म्याहूनही कमी. तिथले लोक हे एका वाक्यात उरकतात: गाई शाळेत जात नाहीत.

पण गाईंना घरभाडंही द्यावं लागत नाही. माणसांना लागतं, आणि माँटगोमेरीत ते भरपूर आहे. एक तृतीयांश जमीन बाजूला काढली, की उरलेली महागणारच, असं टीकाकार म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. महागाईला कंटाळून शेजारच्या फ्रेडरिक काउंटीत घर घेणारे आणि पहाटे महामार्गावर तासभर रांगेत उभे राहणारे कमी नाहीत. म्हणजे घरं शेतावरून उठून बोटांवर गेली तशी काही काउंटीच्या सीमेपलीकडं, दुसऱ्याच कुणाच्या शेतात जाऊन पडली. शिवाय पंचवीस एकरांवर एकच हवेली आणि चार शर्यतीचे घोडे, याला शेती म्हणायचं का, हाही प्रश्न तिथं विचारला जातोच.

या काउंटीचं मला जास्त कौतुक वाटतं ते दुसऱ्या कारणासाठी. १९७४ मध्ये, शेताच्या नियमाच्या सहा वर्षं आधी, तिनं कायदा केला की पन्नास किंवा जास्त घरांच्या प्रकल्पात बिल्डरनं १५ टक्के घरं मध्यम उत्पन्नवाल्यांना परवडतील अशा दरात द्यायची. असा सक्तीचा नियम करणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्यांपैकी ती एक. शेत राखायचं तर घरांचाही विचार करावा लागेल, हे तिला उशिरा सुचलं नव्हतं. तो नियम पुरेसा पडला नाही, हे खरं. पण दोन्ही पारड्यांत वजन टाकायचा प्रयत्न झाला. माझ्या मते कमी पडली ती बोटं. तिथं जेवढी उंच आणि दाट घरं व्हायला हवी होती तेवढी होऊ दिली गेली नाहीत. शेत राखल्याचा दोष शेताला देणं सोपं आहे. तो दोष चार मजल्यांना घाबरलेल्या गल्ल्यांचा आहे.

आता दार ठोठावणारे पाहुणे नवे आहेत. सौर ऊर्जेवाले आले. मक्याऐवजी सौर पट्ट्या लावल्या तर काय बिघडलं, असा त्यांचा सवाल, आणि हवामानाची काळजी करणाऱ्याला तो खोडणं जड जातं. २०२१ मध्ये परिषदेनं तोडगा काढला: मर्यादित आकाराच्या सौर प्रकल्पांना, खास परवानगीनं, वाट मोकळी, मात्र मातीच्या प्रतवारीत पहिल्या दोन वर्गांत मोडणाऱ्या सुपीक जमिनीवर नाही. पुन्हा शेवटचा शब्द मातीचाच.

आपला टीडीआर आणि त्यांचा टीडीआर एकाच कुळातले, पण वाढले वेगळ्या घरी. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं तो आणला. रस्त्यासाठी, बागेसाठी आरक्षित जमीन मालकानं महापालिकेला द्यायची आणि बदल्यात हक्काचं प्रमाणपत्र घ्यायचं. पुढं वारसा इमारती आणि झोपडपट्टी पुनर्वसनही त्यात आलं. बेटावरच्या मुंबईत निर्माण झालेला हक्क तिथं वापरायला बंदी होती, म्हणून कित्येक वर्षं तो उत्तरेला उपनगरांत जाऊन इमारतींवर चढत राहिला. आपल्याकडं जमीन देऊन कागद मिळतो. तिथं शेतकरी जमीन ठेवून कागद विकतो. पुण्याच्या टेकड्या वाचवायला जैववैविध्य उद्यानासाठी टीडीआर देण्याची कल्पना निघाली, ती माँटगोमेरीच्या सर्वांत जवळ जाणारी. शहराभोवतीची काळी जमीन राखायला मात्र आपण या हत्याराला अजून फारसा हात लावलेला नाही.

तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा कधीतरी होईलच. बिल्डरचा माणूस पडद्यावर तक्ता दाखवेल आणि त्यात एक ओळ असेल, ‘टीडीआर, इतके चौरस मीटर’. तेव्हा हात वर करून एवढंच विचारा, की हा कुठल्या जमिनीवरून आला? प्रमाणपत्रावर त्या भूखंडाचा क्रमांक छापलेला असतो.